दिसतं, पण पोचता येत नाही

विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. दृश्य विश्वाची कड आपल्यापासून ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की आमच्या सोलापूरच्या माणसाला पहिली शंका येते ती हिशोबाची. प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही म्हणता, त्याला चालायला मिळाली १३८० कोटी वर्षं, मग ४६०० कोटींवरचं दिसतं कसं? पतपेढीच्या पासबुकात असा आकडा निघाला असता तर आमची माणसं काउंटरवरून हलली नसती.

वर्तमानपत्रं यातून सोपी वाट काढतात. दर वर्षा-दोन वर्षांनी ‘सर्वांत दूरची दीर्घिका सापडली’ अशी बातमी येते (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) आणि तीत ‘साडेतेराशे कोटी प्रकाशवर्षे दूर’ असं छापलेलं असतं. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं अशीच एक दीर्घिका दाखवली. विश्व जेमतेम तीस कोटी वर्षांचं होतं तेव्हाची. तिच्याबद्दलचा तो साडेतेराशे कोटींचा आकडा अंतराचा नव्हेच, प्रवासाला लागलेल्या वेळेचा आहे. प्रकाश निघाला तेव्हा ती आपल्यापासून साधारण २२० कोटी प्रकाशवर्षांवर होती. तो वाटेत असताना ती हटत राहिली आणि आज ३३०० कोटींच्याही पलीकडं गेली आहे. निघतानाचं अंतर, प्रवासाचा काळ, आजचं अंतर. तिन्ही खरे, आणि तिन्ही वेगवेगळे. बातमीत एकच मावतो, म्हणून बातमी वाचून डोक्यात गोंधळ तेवढा उरतो.

मी दहावी-बारावीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो, पूर्व भागात, कन्ना चौकाच्या अलीकडं. खिडकीबाहेर यंत्रमागांची खटखट दिवसभर चालू असते. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कुणी ना कुणी मागावर आहे, कुणाची आई विड्या वळते. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, पुस्तकात इंग्रजी. अभ्यासक्रमात विश्वाचं प्रसरण नावापुरतं येतं, गुण तर जवळपास नाहीतच. तरी प्रश्न सगळ्यात जास्त त्यावरच येतात.

प्रकाशाच्या वेगाबद्दल मात्र आता विचारण्यासारखं फार उरलेलं नाही. तो आता कुणी मोजतच नाही. १९८३ साली तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवून टाकला आणि मीटरची व्याख्या उलट त्यावरून केली. प्रकाशाला वेग असतो, तो क्षणात सगळीकडं हजर होत नाही, हे पहिल्यांदा पकडलं डेन्मार्कच्या ओल रोमर या खगोलशास्त्रज्ञानं, १६७६ मध्ये, पॅरिसला. गुरूच्या आयो नावाच्या उपग्रहाला ग्रहण लागतं त्याच्या वेळा तो तपासत होता. पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की ग्रहणं उशिरा लागतात, जवळ येत असली की लवकर. आयोचं काही बिघडलेलं नव्हतं, बातमी यायला वेळ लागत होता. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असं त्यानं काढलं. खरी वेळ सतरा मिनिटांच्या आतली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घड्याळांवर एवढं जमलं, हेच खूप.

खरी मजा पुढं आहे. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जातात हे कळलं कसं? कुणी टेप लावून मोजलेलं नाही, एका माणसाच्या आयुष्यात ते अंतर दिसण्याइतकं वाढतही नाही. ते कळलं रेघांवरून. वर्गात हे मी बुटाच्या खोक्यानं दाखवतो. एका बाजूला ब्लेडनं बारीक फट, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवलेला, वर बघायला भोक. फट ट्यूबलाइटकडं धरली की इंद्रधनुष्य सलग दिसत नाही. मधेच एक ठसठशीत हिरवी रेघ उभी असते. ती पाऱ्याची. पारा सोलापुरात पेटवा नाहीतर दूरच्या देवयानी दीर्घिकेत, रेघ त्याच जागी यायची. घरोघरी एलईडी आल्यापासून पंचाईत झाली आहे. तिच्यात अशा रेघाच नाहीत, नुसता सलग पट्टा दिसतो. त्यामुळं शिकवणीच्या खोलीतली जुनी ट्यूब मी जिवापाड जपतो.

आता समजा, दीर्घिकेच्या प्रकाशात ती ओळखीची रेघ सापडली, पण आपल्या ठरलेल्या जागेपासून तांबड्या बाजूला सरकलेली. म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली गेली, म्हणजेच दीर्घिका लांब जातेय. अमेरिकेत अॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफरनं १९१२ पासून हेच काम चालवलं होतं. पहिलीच मोठी असामी, देवयानी दीर्घिका, उलटी निघाली. ती सेकंदाला ३०० किलोमीटरनं आपल्याकडं येत होती. पण १९१७ पर्यंत त्यानं पंचवीस तेजोमेघ मोजले आणि त्यातले एकवीस दूर जाणारे. ते तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका आहेत, हे तेव्हा ठरलेलंही नव्हतं.

या गोष्टीत सगळेजण एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाचं नाव घेतात. माझा माणूस मात्र मिल्टन ह्युमसन. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. माउंट विल्सनच्या डोंगरावर वेधशाळा उभी राहत होती तेव्हा खेचरांवर सामान लादून वर न्यायचं काम हा करायचा. पुढं त्याच वेधशाळेत झाडलोट करायला लागला, मग रात्री दुर्बिणीपाशी मदतनीस, आणि तिथून थेट निरीक्षक. अंधारात, थंडीत, शंभर इंची दुर्बिणीला डोळा लावून एकच दीर्घिका तासन्‌तास धरून ठेवायची. कित्येक रात्री मिळून फोटोची एक काच तयार व्हायची, आणि तिच्यावरचा वर्णपट नखाएवढाही नाही. हिवाळ्यात अशी काच हातून पडली असती तर काय झालं असतं, या विचारानं माझ्याच पोटात गोळा येतो. १९२९ मध्ये त्यानं एका दीर्घिकेचा वेग सेकंदाला ३७७९ किलोमीटर काढला. कॅल्शियमची ३९३ नॅनोमीटरला असायला हवी ती रेघ जवळजवळ ३९८ वर गेलेली. तोवर इतका वेग कुणी पाहिला नव्हता. मिलच्या गावात जन्मलेल्या माणसाला ह्युमसन सांगून समजावा लागत नाही. शिक्षण नसताना यंत्राची नाडी बरोबर ओळखणारे जॉबर आमच्याकडं गल्लोगल्ली होते, त्यांना फक्त दुर्बीण मिळाली नाही.

त्याच वर्षी हबलनं अंतरं आणि वेग एका आलेखावर मांडले. जी दीर्घिका दुप्पट दूर, तिचा वेग दुप्पट. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र या धर्मगुरूनं हे १९२७ मध्येच आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढून ठेवलं होतं, आणि त्याच्याही आधी १९२२ मध्ये रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमननं दाखवलं होतं की ती समीकरणं विश्वाला स्वस्थ बसू देत नाहीत. २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी ठराव करून नियमाच्या नावात लमेत्रला बसवलं. उशिरा का होईना.

इथून पुढचं त्रैराशिक फळ्यावर मांडायला मला फार आवडतं. दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागं वेग सेकंदाला ७० किलोमीटरनं वाढतो. (६७ की ७३ यावरून सध्या जोरात भांडण आहे. विश्वातल्या सगळ्यात जुन्या उजेडावरून हिशोब केला की ६७च्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून केला की ७३. मी ७० लिहितो, दोन्ही पक्षांवर थोडा थोडा अन्याय करून.) तर मग ३ लाख किलोमीटरचा वेग किती अंतरावर होईल? पोरं पटापट भागाकार करतात. उत्तर येतं सुमारे १४०० कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे त्यापलीकडचं सगळं आपल्यापासून प्रकाशापेक्षा वेगानं लांब जातंय.

इथं वर्गात एकदम शांतता होते आणि मग कुणीतरी म्हणतंच, “ओ सर, काल तर तुम्ही म्हणालाव प्रकाशाच्या पुढं कोण जात नाय. आज हे काय?”

कालचंही खरं, आजचंही खरं. मर्यादा आहे ती जागेतून पळण्यावर. कुठलीही वस्तू आपल्या शेजारून जाताना प्रकाशाला मागं टाकून जाऊ शकत नाही. त्या दूरच्या दीर्घिका जागेतून पळत नाहीयेत, आपापल्या ठिकाणी त्या जवळजवळ स्वस्थ आहेत. मधली जागाच वाढते आहे. आणि जागेनं किती वेगानं वाढावं, यावर सापेक्षतेच्या सिद्धांतात बंधन नाही. मधे दर दोन हातांवर थोडी थोडी वाढ होते, अंतर अफाट असलं की बेरीज अफाट होते. ‘कशात वाढतंय?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. वाढायला बाहेर मोकळं मैदान असावं लागतं ही आपली सवय, समीकरणांना त्याची गरज पडत नाही. यावर कुणाचं समाधान होत नाही, माझंही पूर्ण होत नाही. पुढं जातो.

कारण खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. जी दीर्घिका प्रकाशापेक्षा वेगानं लांब जातेय, तिचा प्रकाश आपल्यापर्यंत येईलच कसा? आणि तो येतो. जेम्स वेबनं दाखवलेल्या त्या दीर्घिकेचा आला की.

आमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा डोळ्यांपुढं आणा. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम संपलंय. तुम्ही मैदानाच्या मधोमध पाळण्यापाशी उभे. आसपासची माणसं रेंगाळत, पोराला फुगा घेत हळूहळू बाहेर निघालीत. जरा लांबची भरभर चाललीत. आणि पार्क चौकाच्या तोंडाशी पोचलेली माणसं रिक्षा गाठायला अक्षरशः धावताहेत. तिथल्या एकाला आठवतं की बायको मैदानातच राहिली. तो उलटा फिरतो. पहिल्यांदा काय होतं? तो पाय उचलतो आत, पण लोंढा त्याला बाहेरच नेतो. गच्चीवरून बघणाऱ्याला वाटेल हा गडी चाललाय उलटाच. पण त्याच्याकडं बारकाईनं बघा. तो एकेका माणसाला ओलांडतोय. आणि ओलांडलेला प्रत्येक माणूस आधीच्यापेक्षा आतला आहे, म्हणजे किंचित हळू चालणारा. असं करत करत तो अशा ठिकाणी येतो की लोंढ्याचा वेग त्याच्या चालीएवढाच आहे. तिथं तो जागच्या जागी. त्यानंतरच्या पावलाला मात्र तो खरोखर आत सरकायला लागतो.

प्रकाशाचं अगदी हेच झालं. विश्वाच्या सुरुवातीला आपल्या दिशेनं निघालेला प्रकाश पहिली सुमारे ४०० कोटी वर्षं आपल्यापासून लांबच जात होता. ५८० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास तो थबकला आणि मग वळून यायला लागला. या काळात त्याची स्वतःची चाल एकदाही कमी झाली नाही. ज्या दीर्घिकेशेजारून गेला तिथं मोजला असता तर तोच ठरलेला आकडा निघाला असता. त्याला मदत झाली ती त्या काळात प्रसरणाचा जोर ओसरत होता त्याची. जिथं जागा त्याच्याच चालीनं हटते, ती हद्दच त्याच्याकडं सरकत आली.

यातून एक विलक्षण गोष्ट निघते, आणि ती वाचली त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. लांबची वस्तू लहान दिसते हा आपला जन्माचा अनुभव. दीर्घिकांच्या बाबतीत तो एका अंतरापर्यंतच खरा आहे. त्यापलीकडच्या दीर्घिका जितक्या लांब तितक्या आकाशात मोठ्या दिसायला लागतात. कारण प्रकाश निघाला तेव्हा त्या आपल्या अगदी जवळ होत्या, आणि आकार ठरतो तो निघतानाच्या अंतरावर. अर्थात त्या फार फिकट असतात, त्यामुळं ही गोष्ट डोळ्यांना कधीच कळत नाही.

सगळ्यात जुना प्रकाश तर याचा कळस आहे. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सुटलेला. तेव्हा तो ज्या ठिकाणाहून निघाला ते आपल्या इथल्या जागेपासून फक्त ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर होतं, आणि प्रकाशाच्या पन्नासपटींहून जास्त वेगानं हटत होतं. ४ कोटींचा रस्ता कापायला त्याला १३८० कोटी वर्षं लागली. निघताना तो बल्बच्या तारेसारखा तापलेला होता, येईपर्यंत ताणून ताणून सूक्ष्मलहरी झाला. १९६४-६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन या दोघांना तो अँटेनातली खरखर म्हणून सापडला. आधी त्यांनी अँटेनात बसलेल्या कबुतरांची घाण पुसून पाहिली, खरखर गेली नाही. आपणही ती पाहिलेली आहे. गच्चीवरच्या अॅल्युमिनियमच्या अँटेनाचे दिवस आठवा. “आलं का?” “थोडं डावीकडं!” आणि कार्यक्रम संपला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांत शंभरातली एखादी या प्रकाशाची होती. आता केबल आणि डिशमुळं निळा पडदा येतो, तीही गेली.

विश्वाला आरंभच नाही असं मानणाऱ्या स्थिर विश्वाच्या सिद्धांताची या प्रकाशानं मोठी अडचण केली. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएलबरोबर त्याच बाजूचे. विश्व प्रसरतं हे त्यांनाही मान्यच होतं, पण सगळं एका क्षणी सुरू झालं हे नव्हतं. बहुमत दुसरीकडं गेल्यावरही त्यांनी २०२५ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, महास्फोटाला अवघड प्रश्न विचारणं सोडलं नाही. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना विश्व समजावून सांगणारा माणूसच रूढ सिद्धांताचा विरोधक होता, हे मला आपलं भाग्य वाटतं. त्यांची बाजू मला पटत नाही. पण त्यांच्यामुळं आपल्याकडं हा विषय पोथीसारखा शिकला गेला नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात कधी बार्शी रस्त्यानं नान्नजच्या माळावर गेलात तर अंधार पडल्यावर डोक्यावर देवयानी शोधा. दक्षिणेला सोलापूरचा उजेड क्षितिजावर पसरलेला असतो, त्याकडं पाठ करायची. नुसत्या डोळ्यांना एक पुसट बोटभर डाग दिसतो. २५ लाख प्रकाशवर्षं. दुर्बिणीशिवाय माणसाला सहज दिसणारं सगळ्यात लांबचं हेच. तिच्या आणि आपल्या आकाशगंगेच्या मधली जागा वाढत नाही, कारण दोघींना गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलंय. बांधलेल्या गोष्टी प्रसरत नाहीत. सूर्यमाला नाही, पृथ्वी नाही, सोलापूर-पुणे अंतरही नाही. गाडी लेट झाली तर त्याचं खापर विश्वावर फोडता येणार नाही.

पण देवयानीपलीकडं, आपल्या छोट्या समूहापलीकडं, गोष्ट बदलते. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटणाऱ्या ताऱ्यांवरून दोन गटांनी दाखवलं की प्रसरण मंदावत नाहीये, उलट जोर धरतंय. २०११ चं नोबेल त्यालाच मिळालं. याचा परिणाम असा की जत्रेतल्या त्या गड्याला मिळाली ती सवलत आता संपत आली आहे. आज १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडं असलेल्या कुठल्याही दीर्घिकेतून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. आपण आज पाठवलेला निरोपही तिथं जाणार नाही. उशिरा नव्हे, कधीच नाही. घनफळानं हिशोब केला तर जे विश्व आपल्याला दिसतं त्यातलं जेमतेम पाच टक्के आता आवाक्यात उरलंय. बाकीचं दिसतं, पण हातचं गेलेलं.

‘या अफाट विश्वात आपण धुळीचा कण’ ही वाक्यं मी वर्गात बोलत नाही, आणि विज्ञानावरच्या भाषणात कुणी बोललं की मला कंटाळा येतो. लहान असण्यात नवल काय? नवल या दुसऱ्या गोष्टीचं आहे, की दिसणं आणि पोचणं हे दोन पूर्ण वेगळे व्यवहार आहेत आणि पहिला चालू राहिला तरी दुसरा बंद होऊ शकतो.

जेम्स वेबच्या त्या दीर्घिकेवरच हा हिशोब करून बघण्यासारखा आहे. तिथं कुणी असेल आणि त्यांनी आपल्याकडं दुर्बीण रोखली असेल, तर त्यांना आपली आकाशगंगा रांगती दिसते, तिच्यासारखीच. ते कितीही काळ बघत बसले तरी सूर्य त्यांना कधी दिसणार नाही. तो ४६० कोटी वर्षांपूर्वी पेटला, आणि तोवर ती दीर्घिका त्याच्या प्रकाशाच्या आवाक्याबाहेर गेली होती. हेच उलट बाजूनंही. आपल्याला तिचं बाळपण दिसलं. विश्व साधारण सव्वातीनशे कोटी वर्षांचं झालं तोपर्यंतची तिची अवस्था कधीतरी, अनंत काळानं, इथं पोचेल. पुढची नाही. म्हातारपण सोडाच, तिला मिसरूड फुटलेलंसुद्धा इथल्या कुणाला दिसणार नाही.

आणि जे दिसणार आहे तेही फार संथ. प्रकाशाची तरंगलांबी जितकी पट ताणली गेली, तितकीच पट तिथली घटकाही ताणून इथं येते. त्या दीर्घिकेच्या बाबतीत ही पट पंधरा आहे. २०२४ मध्ये पाहिलेल्या चित्रात तिथलं एक वर्ष पुढं सरकलेलं पाहायचं तर इथं २०३९ उजाडावं लागेल. माझ्या शिकवणीतली तेव्हाची दहावीची पोरं त्या वर्षी तिशीत असतील.